कलमातला ‘किंवा’

कायद्याचे कलम वाचताना सरकारी माणसाची नजर प्रथम ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांवर जाते. दंडाची रक्कम, व्याख्या, अपवाद हे सारे नंतर. ‘आणि’ असेल तर नागरिकाला दोन्ही गोष्टी कराव्या लागतात; ‘किंवा’ असेल तर एक पुरते, आणि दोहोंपैकी जी स्वस्त व सोपी ती माणूस निवडतो. हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मोटार वाहन अधिनियमातील कलम १९४ ब अलीकडे पुन्हा वाचनात आले तेव्हा असाच एक ‘किंवा’ डोळ्यांत भरला. माझा परिवहन खात्याशी कामाचा संबंध कधी आलेला नाही. जे लिहितो आहे ते एक नागरिक, एक मोटारचालक आणि अलीकडे आजोबा झालेला गृहस्थ या नात्याने.

कलमाचा आशय असा : चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल सुरक्षा पट्ट्याने किंवा बालकांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसताना जो कोणी मोटार चालवील, चालवायला लावील किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंड. ही तरतूद १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आहे. तिच्यामागचा इतिहास आम्हा दिल्लीकर मराठी माणसांना विसरता येण्याजोगा नाही. ३ जून २०१४ च्या सकाळी केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथ मुंडे विमानतळाकडे निघाले असताना पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड यांच्या चौकाजवळ त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली. ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना पुरते दहा दिवसही झाले नव्हते. मागच्या आसनावरचा पट्टा त्यांना वाचवू शकला असता, असे तेव्हाचे आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्यानंतर जाहीरपणे म्हटले होते. नव्या रस्ता सुरक्षा कायद्याच्या मसुद्याची चर्चा त्याच वर्षी सुरू झाली, २०१६ साली दुरुस्ती विधेयक लोकसभेत आले, २०१७ साली तिथे संमत झाले, राज्यसभेत अडकले, लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले आणि २०१९ साली पुन्हा मांडले जाऊन एकदाचे कायदा झाले. त्यात मुलांसाठी स्वतंत्र उपकलम आले, ही मोठीच गोष्ट झाली. त्यापूर्वी मोटारीतले मूल हे कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अदृश्य होते.

आता त्या ‘किंवा’कडे वळू. दोन वर्षांचे मूल आणि तेरा वर्षांचे मूल यांना हे कलम एकाच वाक्यात बसवते. कोणत्या वयापर्यंत वा उंचीपर्यंत आसन हवे आणि कोठून पुढे नुसता पट्टा चालेल, हे त्यात सांगितलेले नाही. त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा गुंडाळला तरी कलमाच्या अक्षराचे पालन होते. पण तो पट्टा प्रौढ माणसाच्या मापाने बेतलेला असतो. खालचा पट्टा नितंबाच्या हाडांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावरून जावा, अशी त्याची रचना. लहान मुलाच्या बाबतीत खालचा पट्टा पोटावर येतो आणि वरचा गळ्यावर. धडकेच्या वेळी सारा भार हाडांऐवजी आतड्यांवर आणि मानेवर पडतो. बूस्टर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून मुलाला दहा-बारा सेंटिमीटर वर उचलून पट्टा त्याच्या योग्य जागी आणणारी उशी. स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने १९७० च्या दशकात ती आणली. त्याआधी १९६४ साली त्याच देशातल्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांनी पाठीमागे तोंड करून बसायचे लहान मुलांचे आसन तयार केले होते. त्याची कल्पना त्यांना अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली होती. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक. आसन उलटे असले की धडकेचा जोर संपूर्ण पाठीवर विभागला जातो.

इतर देशांनी हा प्रश्न सेंटिमीटरमध्ये सोडवला आहे. जर्मनीत बारा वर्षे वयापर्यंत किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत योग्य आसन सक्तीचे आहे. ब्रिटनमध्ये ही मर्यादा बारा वर्षे किंवा १३५ सेंटिमीटर. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालील मुलाला आसन वा बूस्टर हवे, त्याची उंची चार फूट नऊ इंच झाली असेल तर सूट. आणि २०१७ पासून दोन वर्षांखालील मुलाचे आसन, काही वजन-उंचीचे अपवाद सोडता, पाठीमागे तोंड करूनच हवे. तिथेही ‘किंवा’ आहेच. पण तो मोजपट्टीने बांधलेला आहे.

आपल्याकडे असे मोजमाप करता येत नाही, असे मात्र नाही. याच अधिनियमाखाली १५ फेब्रुवारी २०२२ रोजी दुचाकीवरील लहान मुलांसाठी नियम अधिसूचित झाला आणि वर्षभराने लागू झाला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा हवा. तो हलका, कमीजास्त करता येणारा, पाण्याने न भिजणारा आणि तीस किलोपर्यंतचे वजन पेलणारा असावा. मुलाच्या डोक्यावर शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. पट्ट्याचे कापड आणि आतला फोमसुद्धा नियमात आला आहे. दुचाकीच्या बाबतीत जो सूक्ष्म विचार झाला तो मोटारीच्या कलमात उतरलेला नाही.

अर्थात, आपल्या घरांतली खरी स्पर्धा पट्टा आणि आसन यांच्यात नाहीच. ती आहे मांडी आणि इतर सर्व यांच्यात. मूल आईच्या वा आजीच्या मांडीवर सर्वांत सुरक्षित, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे, आणि बैलगाडीच्या वेगाला ती खोटीही नव्हती. ताशी ५० किलोमीटरचा हिशेब मात्र निराळा आहे. या वेगाने जाणारी मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर मांडीवरचे दहा किलोचे मूल आपल्या वजनाच्या चौदा पट जोराने पुढे जाते. म्हणजे त्या क्षणी आजीच्या हातांना सुमारे १४० किलो ओढून धरायचे असतात. कोणत्याही पहिलवानाला ते जमणार नाही. आणि आजीने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिचे स्वतःचे वजन त्याच पटीने त्या मुलावर येते. हीच धडक उंचीच्या भाषेत मांडली तर ती सुमारे दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी होते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी आपण मुलाला क्षणभरही एकटे सोडत नाही. रिंगरोडवर त्याला पुढच्या दोन आसनांच्या मधल्या फटीत उभे करतो.

मांडीचा मोह आपलाच आहे असे समजण्याचे कारण नाही. जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध बाल-आसन कायदा अमेरिकेतील टेनेसी राज्याचा. तो १९७७ साली संमत झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. अमेरिकेतला तो अशा प्रकारचा पहिलाच. डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांनी त्यासाठी आमदारांचे उंबरे झिजवले होते. पण संमत होताना त्यात एक दुरुस्ती घुसली : मूल वडीलधाऱ्या व्यक्तीच्या मांडीवर असेल तर आसन नको. आईच्या कुशीविरुद्ध मत देणारा आमदार कोणत्याही देशात विरळाच. सँडर्स यांनी हार मानली नाही. ही पळवाट मुलांना चिरडणारी आहे, हे ते सांगत राहिले आणि १९८१ साली ती काढून टाकली गेली. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत असे कायदे झाले होते. कायदा करायला जेवढी वर्षे लागली नसतील तेवढी त्यातली मांडी काढायला लागली, हे प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आमच्या घरी हा वाद गेल्या डिसेंबरात झाला. मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. अडीच वर्षांच्या नातवाला घेऊन ते दिल्लीला आले, ते त्याचे आसन विमानातून सामानाबरोबर घेऊनच. विमानतळावर मी गाडी घेऊन गेलो होतो. बाहेर धुके, थंडी, आठ तासांच्या प्रवासाने आंबलेले मूल, आणि दीड वर्षांनी नातवाला पाहणारी आजी. सौभाग्यवतींनी मागे बसून दोन्ही हात पुढे केले. मुलगी म्हणाली, “आई, तो सीटमध्ये बसेल. तू त्याच्या शेजारी बस.”

“अगं, इतकी वाट पाहिली मी. घरी पोहोचेपर्यंत तरी माझ्याजवळ दे. बाबा काही जोरात चालवत नाहीत.”

“बाबा नाही चालवत गं. पण समोरचा?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. जावयांनी पट्टा ओवून आसन घट्ट बसवले, नातवाचा फुगीर कोट काढून त्याला आत बांधले आणि वरून सौभाग्यवतींची शाल पांघरली. धौला कुआँ येईपर्यंत आजी गप्प होती. मग नातवाने तिचे बोट धरले, आणि तो तसाच झोपी गेला. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “अहो, बांधलेलं बघवत नव्हतं मला. परक्याच्या हाती दिल्यासारखं वाटलं.” तिचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. जिव्हाळ्याची एक भाषा असते आणि सुरक्षेची भाषा तिच्याआड येते तेव्हा माणूस दुखावतो. कायद्याच्या पुस्तकात या दुखावण्याला रकाना नाही, आणि म्हणूनच असे कायदे घरात शिरताना अडखळतात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी भेटायला आल्या. आसन पाहून म्हणाल्या, “आम्ही काय मुलं वाढवली नाहीत? आमची झालीच की मोठी!” हा युक्तिवाद परदेशातल्या प्रत्येक मराठी आईबापांनी सुट्टीत एकदा तरी ऐकला असेल. सांख्यिकीत याला एक नाव आहे : वाचलेल्यांची साक्ष. जी मुले वाचली त्यांचेच आईवडील आज आपल्यासमोर बसून सांगत आहेत. ज्यांची वाचली नाहीत ते अशा गप्पांत भाग घेत नाहीत. शिवाय काळही बदलला. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्ग २०१२ साली खुला झाला. तिथे मोटारींना ताशी १०० ची मुभा आहे आणि दाट धुक्याच्या दिवसांत ती कमी करावी लागते. वेग वाढला, रस्ते वाढले, मांडी मात्र तीच राहिली. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली.

मला अधिक कुतूहल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. म्युनिक, न्यू जर्सी वा दुबईत जे आईवडील शंभर मीटरसाठीसुद्धा मुलाला आसनाबाहेर ठेवत नाहीत, त्यांतले पुष्कळजण दिल्ली वा पुण्याला उतरल्यावर त्याच मुलाला मांडीवर घेतात. मूल तेच, वेग तोच, भौतिकशास्त्राचे नियमही तेच. बदलतो फक्त पोलीस. जर्मनीत मूल न बांधता नेले तर साठ युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक गुण जमा होतो. म्हणजे तिथे आपण जे शिकलो ते नियम होते. नियमामागचे कारण नव्हते. कारण शिकलो असतो तर ते सामानाबरोबर आले असते.

दंडाच्या भाषेतही थोडा विचार करू. गॅरी बेकर या अर्थतज्ज्ञाने १९६८ साली मांडले की नियम मोडणारा माणूस दंडाची रक्कम आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा गुणाकार करतो. हजार रुपयांच्या दंडाला, मुलाला न बांधल्याबद्दल पकडले जाण्याच्या जवळजवळ शून्य शक्यतेने गुणा, आणि तो आकडा काही हजारांच्या आसनाशेजारी ठेवा. हिशेब उघड आहे. सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ मागच्या आसनावर पट्ट्याविना मृत्यू झाला, त्यानंतर दहा दिवसांत दिल्ली वाहतूक पोलिसांनी मागच्या प्रवाशांविरुद्ध मोहीम उघडली. पण पट्ट्याचा इशारा बंद पाडणाऱ्या नुसत्या खिट्ट्या तेव्हा ऑनलाइन खुशाल मिळत होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच विक्री-संकेतस्थळांविरुद्ध आदेश काढून त्या थांबवाव्या लागल्या. कायदा पाळण्याचे साधन महाग आणि चुकवण्याचे साधन स्वस्त, अशी ती बाजारपेठ होती.

येथे एका आक्षेपाची दखल घ्यायला हवी. स्टीव्हन लेव्हिट या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने अपघातांची आकडेवारी तपासून २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले की दोन वर्षांवरील मुलांचे मृत्यू टाळण्यात आसन हे साध्या पट्ट्याहून फारसे सरस नाही. किरकोळ जखमांत फरक पडतो, एवढेच. इतरांनी त्याच्याशी वाद घातला आहे. पण तो निष्कर्ष जसाच्या तसा मान्य केला तरी तो आपल्याला लागू होत नाही. तुलना कशाशी, हा अर्थशास्त्रातला पहिला प्रश्न. तिथे आसनाची तुलना बांधलेल्या पट्ट्याशी होती. आपल्याकडे ती मांडीशी आहे. आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर वादच नाही : अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या अनुमानाप्रमाणे योग्य आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील मुलांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो.

प्रशासनाची बाजूही गुंतागुंतीची आहे. यांत्रिक वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतो. कायदा केंद्राचा, अंमल राज्यांचा, आणि कलम २०० खाली तडजोड शुल्क किती घ्यायचे हे राज्य ठरवते. गुरुग्रामहून निघून दिल्लीतून नोएडाला जाणारे कुटुंब तासाभरात तीन सरकारांच्या हद्दींतून जाते. टॅक्सीत तर प्रश्न आणखी बिकट. मूल आईच्या ताब्यात, गाडी चालकाच्या, आणि पोलिसाचा हात पहिल्यांदा चालकाच्या खिशात. त्यात मागच्या पट्ट्यांची कुलुपे सीटच्या अभ्र्याखाली गडप झालेली असतात, हे राजधानीत रोज टॅक्सीने जाणाऱ्याला सांगायला नको.

तरीही करता येण्याजोगे पुष्कळ आहे. उंची आणि वजनाप्रमाणे कोणते आसन, याचा एक तक्ता नियमांत आला तर तो ‘किंवा’ मोजपट्टीला बांधला जाईल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षेला स्वतंत्र तारे मिळतात. ग्राहकांनी ते विचारले तर कंपन्या आपोआप लक्ष देतील. आणि न्यायाचा प्रश्न नजरेआड करता कामा नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात शंभर घरांपैकी साधारण आठ घरांत मोटार आहे, आणि जवळजवळ निम्म्या घरांत दुचाकी. बाल-आसनाचा कायदा मोटारवाल्यांपुरता आहे. दुचाकीवरच्या नियमाची अंमलबजावणी अधिक मुलांना वाचवील. पण ज्याच्याकडे मोटार आहे त्याला ही सबब वापरता येणार नाही.

वाचकांसाठी चार व्यावहारिक गोष्टी. मूल आसनाच्या मर्यादेत मावते तोवर, निदान दोन वर्षांपर्यंत, ते पाठीमागे तोंड करून बसवावे. असे आसन एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये, आणि आपल्याकडे नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही जागांना आता एअरबॅग सक्तीची आहे. खांद्याचा पट्टा खांद्यावर आणि खालचा नितंबांवर बसेपर्यंत बूस्टर सोडू नये. दिल्लीच्या थंडीत फुगीर कोटावरून पट्टा आवळू नये, तो आवळलेला दिसतो पण असत नाही; कोट काढून शाल पांघरावी. जुने आसन घ्यायचे तर ते अपघातातून गेलेले नाही याची खात्री असलेल्याच घरातून घ्यावे. परदेशाहून सुट्टीला येणाऱ्यांसाठी आपल्या महाराष्ट्र मंडळांनी चार-सहा चांगली आसने ठेवून उसनी दिली, तर ते गणेशोत्सवातल्या कोणत्याही कार्यक्रमाइतकेच उपयोगी काम होईल.

आणि घरातल्या आजीआजोबांना जागा द्यावी, ती आसनाच्या शेजारची. म्युनिकची मंडळी परत गेल्यापासून सौभाग्यवती मागे बसल्या की न सांगता पट्टा लावतात. कलमातला ‘किंवा’ सरकार यथावकाश दुरुस्त करील. आपल्या गाडीपुरता तो आजच खोडता येतो, आणि त्यासाठी कोणाच्या मंजुरीची नस्ती वर पाठवावी लागत नाही.